चुकीच्या ताऱ्याची वही

काकांच्या दुकानात खुर्च्या तीन, पण कात्री एकच चालायची. एका खुर्चीवर गिऱ्हाईक, दुसरीवर वाट बघणारा, आणि तिसरीवर नुसत्याच गप्पा मारायला आलेला कोणीतरी. चाळीस वर्षं एकाच रस्त्यावर केस कापले, की माणूस आपोआप सगळ्यांचा काका होतो. माणूस चेहऱ्यावरून चुकेल, पण मानेवरून ओळखण्यात काका कधी चुकले नव्हते.

साठी उलटली आणि काकांना दुर्बिणीचं वेड लागलं. वाचनालयात महिन्याच्या पहिल्या रविवारी आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ भरायचं. ते चालवायच्या बाई. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या शिक्षिका. त्यांनी मोठी दुर्बीण घेतली तेव्हा जुनी काकांना आठ दिवसांसाठी दिली. ती परत करायची काका विसरले आणि परत मागायची बाई विसरल्या, असं दोघांनीही मनातल्या मनात ठरवून टाकलं.

सुरुवात काही बरी झाली नाही. पहिल्या संध्याकाळी काका गच्चीवर अर्धा तास नळीला डोळा लावून बसले होते. बायको चहा घेऊन वर आली.

"काय दिसतंय?"

"अंधार. पण काय अंधार आहे म्हणून सांगू! असा अंधार मी जन्मात पाहिला नव्हता."

बायकोनं नळीच्या तोंडावरचं झाकण काढून त्यांच्या हातात दिलं आणि कप कठड्यावर ठेवून ती खाली गेली.

मग मंगळ झाला. एक लालसर, ठसठशीत मंगळ काकांना दक्षिणेकडे सापडला आणि त्यांनी बिल्डिंगमधल्या चौदा माणसांना रांगेनं तो दाखवला. रांग संपत आली असताना वीज गेली आणि मंगळ विझला. दूरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीवर क्रेन होती, तिच्या टोकाचा तो दिवा. तळमजल्यावरच्या आजीबाई तेवढ्या म्हणाल्या, "काही का असेना, छान होता हो."

तिसरी फजिती सगळ्यात वाईट. काकांना धूमकेतू सापडला. शेपटी, डोकं, सगळं जिथल्या तिथे. त्यांनी बाईंना फोन केला, बाई रिक्षा करून आल्या, आणि येताना मंडळातल्या चष्मेवाल्यालाही घेऊन आल्या. चष्मेवाल्यानं नळीला डोळा लावला, नळी दुसरीकडे फिरवली, तिसरीकडे फिरवली. तो धूमकेतू जिकडे नळी फिरेल तिकडे यायचा. शेवटी त्यानं डोळ्याजवळचं भिंग काढलं, खिशातल्या फडक्यानं पुसलं आणि फडकं हुंगून बघितलं.

"काका, कुठलं क्रीम लावता हो गिऱ्हाइकांना? वास चांगला आहे."

त्या दिवसापासून चष्मेवाला काकांना 'धूमकेतू' म्हणायला लागला. काका हसण्यावारी न्यायचे. पण दुकान बंद करताना, हात साबणानं दोनदा धुताना, तो शब्द त्यांच्या कानात वाजत राहायचा.

म्हणूनच बाईंनी जेव्हा त्यांना खरं काम दिलं, तेव्हा काकांनी ते जिवाला लावून घेतलं.

काम असं होतं. काही तारे कायम एकाच तेजाचे नसतात. महिनोन्‌महिने हळूहळू मंद होतात आणि पुन्हा उजळतात. अशा एका ताऱ्यावर मंडळानं नजर ठेवायची. शेजारच्या ज्या ताऱ्यांचं तेज ठरलेलं असतं, त्यांच्याशी तुलना करायची आणि आपल्या ताऱ्याला आकडा द्यायचा. आकडा जितका मोठा, तारा तितका मंद. बाई, चष्मेवाला आणि काका, तिघांनी आठवड्यातून दोनदा बघायचं, आपापल्या वहीत लिहायचं, आणि वर्षाअखेरी ते सगळे आकडे मोठ्या वेधशाळेकडे जायचे. हौशी लोकांनी असं बघितलेलं तिथे खरोखर वापरतात, असं बाई म्हणाल्या.

"माझं लिहिलेलं?" काकांनी विचारलं.

"तुमचंच. तुमच्या हातचं."

हे काकांना किती मोठं वाटलं असेल, ते त्यांच्या बायकोलाच कळलं. कारण काका लिहायला शिकले ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि तिनंच शिकवलं. दुकानात येणारा पेपर चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांच्या हातात दिला आणि त्यातली बरीच वर्षं त्यात काय आहे ते गिऱ्हाइकांच्याच तोंडून ऐकलं. आता त्यांचं अक्षर कुठेतरी जाणार होतं, आणि कोणीतरी शिकलेला माणूस ते वाचणार होता. काकांनी नवी वही आणली, तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि पहिल्या पानावर तारीख इतकी जपून लिहिली, की तेवढ्यात शाई वाळली.

बाईंनी तिघांना एकसारखा नकाशा दिला होता. मधोमध तीन ताऱ्यांचा एक छोटा त्रिकोण, आणि त्याच्या एका बाजूला आपला तारा. "दुर्बिणीत सगळं खालचं वर दिसतं, तेव्हा नकाशाही खालचं वर करून धरा, की झालं," बाईंनी सांगितलं. काकांनी मान डोलावली. पण घरी आल्यावर त्यांनी विचार केला, की बाईंना आरशाचं काय ठाऊक? दुर्बिणीत आरसा असतो. आणि आरसा म्हटलं की डावं-उजवं बदलतं, हे ज्याचं आयुष्य आरशासमोर गेलं त्याला दुसऱ्यानं कशाला सांगायला हवं? हातच्या काकणाला आरसा कशाला! त्यांनी पातळ कागदावर नकाशा गिरवला, कागद पालथा केला, आणि मग खालचं वर करून धरला. आपल्या धंद्यातलं शहाणपण इथेही कामी आलं म्हणून त्यांना बरं वाटलं. त्रिकोणाच्या बाजूला, अगदी हवा तिथे, एक तारा होता. काकांनी लिहिलं, आठ पूर्णांक एक.

महिनाभर नऊ नोंदी झाल्या. आठ पूर्णांक एक, आठ पूर्णांक एक, एकदा आठ पूर्णांक दोन. मग रविवारी मंडळात चष्मेवाला म्हणाला, "खाली यायला लागला बरं का आपला तारा. माझा साडेआठवर आहे."

बाई म्हणाल्या, "माझाही जवळपास तेवढाच. काका, तुमचा?"

"बघतो," काका म्हणाले. "या आठवड्यात नीट बघतो."

त्यांनी डोळ्यांत तेल घालून बघितलं. आणि खरंच, तारा थोडा मंद वाटला. त्यांनी सव्वाआठ लिहिलं. पुढच्या महिन्यात बाकीचे दोघं नऊवर आले, काका साडेआठवर. असे साडेचार महिने गेले. काकांचा तारा सगळ्यांच्या थोडा मागून, पण त्याच वाटेनं, पावणेनऊपर्यंत उतरत गेला. कधी वाटायचं, एवढा काही मंद नाही. मग वाटायचं, आज समोरचा दिवा जास्त प्रखर आहे, किंवा पातळ ढग आलाय, किंवा आपलाच डोळा थकलाय. छत्तीस नोंदी झाल्या. बाईंनी भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यावर तिघांच्या रंगीत टिकल्या लावल्या: स्वतःच्या लाल, चष्मेवाल्याच्या हिरव्या, काकांच्या निळ्या. निळ्या टिकल्यांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "काका घाई करत नाहीत. बघणारा असा हवा." चष्मेवाल्यानं त्या दिवशी धूमकेतू हा शब्द तोंडातून काढला नाही.

वर्षाची बैठक दोन आठवड्यांवर आली होती, तेव्हा ते झालं.

दुपारी एक तरुण ट्रक ड्रायव्हर केस कापायला आला. त्याच्या मानेवर, केसांच्या रेषेच्या खाली, त्याच्या मुलीचं नाव गोंदलेलं होतं. नवीनच गोंदलेलं, अजून कडा लाल होत्या.

"काका, मागून बारीक करा. नाव झाकलं जाता कामा नये."

काकांनी मशीन फिरवलं, वस्तऱ्यानं कड साफ केली, पावडर झटकली आणि रोजच्यासारखा हातातला आरसा त्याच्या मानेमागे धरला. ड्रायव्हर समोरच्या आरशात बघायला लागला. काकाही बघायला लागले. उशिरा शिकलेल्या माणसाला एक खोड असते, दिसेल ते अक्षर तो वाचतो. काकांनी नाव वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"काय झालं काका? कापलं का कुठं?"

"नाही. मी नाव वाचलं."

"मग? चांगलंय ना?"

"सरळ वाचलं रे," काका म्हणाले. "आरशात."

ड्रायव्हरला काही कळलं नाही. काकांना मात्र सगळं कळलं होतं आणि हातातला आरसा एकाएकी जड झाला होता. एका आरशात अक्षर फिरतं. दुसऱ्या आरशात ते पुन्हा फिरतं आणि सरळ होतं. चाळीस वर्षं दिवसातून वीस वेळा ते दोन आरसे समोरासमोर धरत आले होते, पण माना कोऱ्या होत्या, आणि अक्षरं कुठे असली तरी तेव्हा ती त्यांच्यासाठी नक्षीच होती. आणि दुर्बिणीत? एक मोठा आरसा नळीच्या तळाशी. एक छोटा, तिरका, नळीच्या तोंडाशी. दोन.

ड्रायव्हर गेल्यावर त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, घरी जाऊन गच्चीवर दुर्बीण लावली आणि रस्त्याच्या टोकाच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवर रोखली. पाटी डोक्यावर उभी होती. पण एकही अक्षर डाव्याचं उजवीकडे गेलेलं नव्हतं. पुस्तक खाली डोकं वर पाय धरावं तशी. बाईंनी सांगितलं होतं, तेवढंच.

अंधार पडल्यावर ते पुन्हा वर गेले. नकाशा पालथा न करता, नुसता खालचं वर करून धरला. त्रिकोण सापडला. आणि त्रिकोणाच्या दुसऱ्या बाजूला, ज्या बाजूला त्यांनी साडेचार महिने एकदाही नीट बघितलं नव्हतं, तिथे एक बारीकसा, विझत आलेला ठिपका होता. तो आपला तारा. आणि ज्याला ते आपला म्हणत होते, तो कोणाचा कोण, आपला आठ पूर्णांक एकवर मजेत बसला होता. महिनोन्‌महिने होता तसाच.

काका कठड्याला टेकून खालीच बसले. तारा चुकला याचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. धूमकेतू पचवलेल्या माणसाला तेवढं पचतं. पण हा तारा जर हललाच नव्हता, तर परवा वहीत पावणेनऊ लिहिलं ते कुठून आलं?

जेवताना त्यांनी दोनदा पाणी सांडलं. बायको म्हणाली, "आज काय झाकण काढलं नव्हतं का?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे चुकीच्या डोक्यावर कात्री चालवलीत. एवढंच ना?"

"एवढंच असतं तर बरं होतं. अगं, डोक्यावर केसच नव्हते आणि मी सत्तावीस वेळा कापून आलो. वर म्हणालो, बघा किती वाढले होते."

"मुद्दाम लिहिलंत का?"

"तुझी शपथ, नाही. मला दिसला मंद. त्यांनी सांगितलं उतरतोय, आणि मला उतरताना दिसायला लागला."

"तुम्ही वाचायला शिकत होतात ना," बायको म्हणाली, "तेव्हा पेपरातला फोटो बघून खालच्या ओळी धडाधड म्हणायचात. निम्मे शब्द तिथे नसायचेच. मग मी फोटोवर हात ठेवायला लागले."

"आठवतंय."

"राग यायचा तुम्हाला."

"अजून येतो," काका म्हणाले. मग हळूच म्हणाले, "कोणाला कळणार नाही हे. उद्यापासून खरा तारा बघायला लागलो, की आकडे असे जुळतील की सांधा दिसायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मग ठेवा झाकून."

"वेधशाळेत जाणार आहे ते."

"मग सांगा."

"चष्मेवाला जन्मभर सोडायचा नाही. आणि वही... माझी पहिली वही आहे ती."

"सांगा नाहीतर सांगू नका," बायको ताट उचलत म्हणाली, "पण रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर करू नका. मला सकाळी उठायचं असतं."

ते दोन आठवडे काकांनी गच्चीवर पाऊल ठेवलं नाही. दुकानात कोणी विचारलं, काय म्हणतात तारे, तर ते गिऱ्हाइकाची मान जरा जास्तच खाली दाबायचे.

बैठकीच्या दिवशी वाचनालयाच्या खोलीत सातजण होते. नव्या बांधणीच्या पुस्तकांच्या खळीचा वास सुटला होता. भिंतीवर तक्ता, त्यावर लाल, हिरव्या, निळ्या टिकल्या, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेल्या. बाईंनी पाकीटही तयार ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "पाठवण्याआधी कोणाला काही सांगायचंय?" ही नुसती विचारायची पद्धत होती. काका उभे राहिले.

"बाई, माझ्या टिकल्या काढा."

मग त्यांनी आरशाचं सांगितलं. पालथ्या कागदाचं सांगितलं. चष्मेवाल्याला हसू आवरेना. "वा धूमकेतू! म्हणजे दोन आरशांनी मिळून तुमची बिनपाण्यानं केली!" सगळे हसले, काकाही हसले. ते इथेच बसले असते तर ती एक गमतीची गोष्ट होऊन संपली असती, आणि हे त्यांना उभ्या उभ्या कळत होतं. खुर्ची अगदी मागे होती, गुडघ्याला लागत होती.

"अजून आहे," काका म्हणाले. "तो तारा बदलणारा नव्हताच. आणि माझ्या वहीत तो उतरलाय. तुम्ही दोघं म्हणालात, उतरतोय. मग मलाही तसाच दिसला. पहिल्या नऊ नोंदी मी बघून लिहिल्यात. बाकीच्या सत्तावीस ऐकून."

हसणं थांबलं. चष्मेवाला तक्त्याकडे बघायला लागला. बघता बघता त्याचा चेहरा बदलला.

"काका, हे इथे सांगायची काय गरज होती? बाईंना बाजूला घेऊन सांगायचं."

"का रे?"

"का म्हणजे? माझ्या हिरव्या टिकल्या बाईंच्या लालच्या किती जवळ आहेत बघा. मी काही चुकीचा तारा बघत नव्हतो. पण आम्ही दर गुरुवारी फोनवर बोलायचो. आता मी कशाच्या जोरावर सांगू, की ते माझ्या डोळ्यांचे आहेत?" त्याचा आवाज चढला. "तुमची चूक तुमच्यापाशी ठेवायची होती!"

काकांना त्याचा राग आला नाही. ही माणसाची दुखरी जागा होती आणि वस्तरा तिथेच लागला होता. "तुझे खरे असतील," ते म्हणाले. "माझे नाहीत, एवढंच मला ठाऊक आहे."

बाई उठून तक्त्यापाशी गेल्या. नखानं एकेक निळी टिकली सोडवायला लागल्या. त्या घट्ट बसल्या होत्या, काढताना कागदाचा पापुद्रा निघत होता. काका पुढे झाले. वस्तऱ्याच्या सवयीचा त्यांचा हात हलका होता. त्यांनी उरलेल्या काढल्या, एकही जागा न फाडता. छत्तीस टिकल्या तळहातावर घेऊन ते उभे राहिले.

"पहिल्या नऊ खऱ्या आहेत, काका," बाई म्हणाल्या. "आपल्या ताऱ्याच्या नाहीत, पण खऱ्या आहेत. पाठवता मात्र येणार नाहीत."

"ठाऊक आहे."

"यात माझीही चूक आहे. वह्या मिटलेल्या ठेवायच्या असतात, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. शाळेत परीक्षेला मुलांच्या मध्ये एक बाक रिकामा सोडायचे मी. इथे मोठी माणसं म्हणून विसरले." त्यांनी पाकीट उचललं, त्याच्याकडे बघितलं आणि पिशवीत परत टाकलं. "काय पाठवायचं, काय नाही, ते मी विचार करून ठरवते. सोबत एक पत्र जाईल. जे झालं ते सगळं लिहून."

चष्मेवाला खुर्चीवरून उठला आणि निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. केस कापायला मात्र महिन्याभरानं आला, आणि मान खाली घालून म्हणाला, "फोन बंद केलाय मी गुरुवारचा." काकांनी त्याच्या अंगावर कापड टाकलं. "डोकं सरळ ठेव," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात आकाश निवळलं. दुकान बंद करून काका गच्चीवर गेले. नवी वही होती, कव्हर नसलेली. तारा कुठवर आला हे कोणाकडून कानावर पडू नये म्हणून त्यांनी बाईंना फोनही केला नव्हता. नकाशा खालचं वर करून धरून त्यांनी त्रिकोण शोधला. मग त्याच्या शेजारची जागा. तिथे काळोख होता.

ते बघत राहिले. डोळे मिटले, उघडले, पुन्हा बघितलं. एकदा वाटलं, आहे. सुईच्या टोकाएवढं काहीतरी चमकलं. काका तिकडेच बघत राहिले, तर ते नव्हतं. तो तिथे असायलाच हवा होता, हे त्यांना माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळेच तो मधूनमधून दिसू पाहत होता. त्यांनी झाकण तपासलं. भिंग काढून पुसलं. पुन्हा डोळा लावला.

बायको वर आली, अंगाभोवती शाल गुंडाळून.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"मग एवढा वेळ काय करताय?"

"तेच बघतोय, की काही नाही."

ती कठड्याला टेकून उभी राहिली. काकांनी वही गुडघ्यावर घेतली, तारीख घातली, वेळ घातली. पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिलं. मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर वेगळं काढून लिहिलं, 'दिसला नाही', आणि वही तिच्यापुढे धरली.

तिनं बॅटरीच्या उजेडात ते वाचलं. "अक्षर सुधारलंय," ती म्हणाली.

"वहीत न बघता लिहिलेलं काही आहे का बघ."

"नाही."

"मग बरोबर आहे," काका म्हणाले आणि पुन्हा नळीला डोळा लावला.